रुसायला जागा

आमच्या वन बीएचकेत पाच दारं आहेत. बाहेरचं, बेडरूमचं, गॅलरीचं, बाथरूमचं आणि संडासाचं. यातलं कुठलंही दार धाडकन आपटलं तरी ते कुणा ना कुणाच्या तोंडावरच आपटतं, कारण घरात माणसं चार. सासूबाई, नवरा, मी आणि बारा संपून तेराव्यात पाऊल टाकलेली लेक. मुलगी वयात येताना घरात काय काय हवं यावर पुष्कळ लिहून येतं. संवाद हवा, संयम हवा, समजूतदारपणा हवा. मला विचाराल तर सगळ्यात आधी हवा एक कोपरा, जिथं जाऊन कुणाच्याही नजरेला न पडता तोंड फुगवून बसता येईल. डोंबिवलीतल्या फ्लॅटमध्ये संयम एक वेळ मिळेल, कोपरा मिळायची मारामार.

(लिहिण्याआधी तिला विचारलं होतं. नाव नाही, शाळा नाही, फोटो तर नाहीच नाही, आणि ‘उगाच इमोशनल काहीतरी नको’ अशा अटींवर परवानगी मिळाली आहे. शेवटची अट पाळायचा प्रयत्न करते.)

गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी मी ऑफिसातून आल्या आल्या, चपला काढायच्या आत, अख्ख्या दिवसाचा वृत्तान्त ऐकवायची. कुणाचा डबा कुणी फस्त केला, पीटीच्या सरांनी कुणाला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, रिक्षावाले काका आज का चिडले. आता ‘कसा गेला दिवस?’ला ‘ठीक’. ‘काय झालं?’ला ‘काही नाही’. मेसेजला उत्तर नुसतं ‘के’, म्हणजे ओकेमधला ओसुद्धा तिला जड झालाय. जन्मापासून आवडती असलेली भेंडी मंगळवारी अचानक चिकट लागते आणि शनिवारी ‘आई, तू हल्ली भेंडी का करत नाहीस?’ असा जाब तीच विचारते. केस कापायचेच असतात, आणि कापून आले की आरशासमोर रडायचं असतं. आजीनं मायेनं ‘बाळा’ म्हटलं की कपाळाला आठ्या, नाही म्हटलं तर ‘आजीचं माझ्याकडं लक्षच नसतं’. दिवाळीच्या पहाटे आम्ही चौघं नटूनथटून फडके रोडला जात आलो. यंदा दिवाळी लांब असतानाच तंबी मिळाली आहे, ‘मी मैत्रिणींबरोबर जाणार. तुम्ही तिथं दिसलात तरी ओळख दाखवू नका.’

माझं सल्लागार मंडळ रोज संध्याकाळी लोकलच्या लेडीज डब्यात भरतं. ठाणं गेल्यावर जरा हात हलवण्यापुरती जागा होते, कुणाची तरी गवार मोडायची असते, आणि विषय मुलींवर येतो. एकीचं म्हणणं, ‘बारावं लागलं की सुरू होतंच गं, दहावीपर्यंत सोस. नंतर अकरावीचं टेन्शन येतं, मग हे विसरशील.’ दुसरीचा उपाय सरळ, ‘मोबाईल काढून घे. सुतासारखी येते.’ तिसरी, जिला मुलगा आहे, ती मोठ्या अधिकारानं सांगते, ‘तू तिची मैत्रीण हो.’

हा तिसरा सल्ला हल्ली सगळीकडून मिळतो. मला तो अजिबात पटत नाही. मैत्रिणी तिला आहेत, आणि त्यांच्याशी ती किती जपून वागते ते मी बघते आहे. कुणाच्या मेसेजला लगेच उत्तर द्यायचं नाही, कुणाच्या फोटोवर काय लिहायचं, एकीला ग्रुपमधून काढलं तर आपण कुणाच्या बाजूनं राहायचं, हा हिशेब तिच्या डोक्यात दिवसभर चालू असतो. मैत्रिणीवर खेकसलं तर ती उद्या दुसऱ्या बाकावर जाऊन बसेल. आई कुठल्या बाकावर जाणार? शाळेत, क्लासमध्ये, रिक्षात, सगळीकडं शहाण्यासारखं वागून झाल्यावर जिच्यासमोर वेडंवाकडं वागलं तरी नातं जागचं हलत नाही, अशी एक तरी व्यक्ती लागते. ती मी आहे. हा मान काही फार सुखाचा नाही, पण तो मैत्रिणीला मिळत नाही. शिवाय मैत्रीण रात्री साडेनऊला फोन काढून घेत नाही, मला तो घ्यावा लागतो.

वाटेल ते ऐकून घ्यायचं, असा याचा अर्थ नाही. आमच्याकडं रुसायला परवानगी आहे, अपमान करायला नाही. आजीला उलटून बोललं तर त्याची हजेरी घेतली जाते, फक्त त्या क्षणी नाही. भडकलेल्या माणसाशी भडकून बोलण्यात जी करमणूक होते ती शेजाऱ्यांची होते, आणि आमच्या भिंती तशाही पातळ आहेत. दुसऱ्या दिवशी, शाळेचा गणवेश उतरवून, पोटात काही पडल्यावर ती ऐकते. मान्य करत नाही, पण ऐकते. अन्नावर राग काढायचा नाही, हा सासूबाईंचा नियम. जेवायचं नसेल तर ताट झाकून ठेवायचं आणि भूक लागेल तेव्हा तेच खायचं, रात्री अकराला मॅगी उकळायची नाही. यावरून दोनदा महाभारत झालं, आता मॅगीचा विषय निघत नाही.

तिच्या चिडण्यामागं काय असेल याचे तर्क करून मी थकले तेव्हा तिला आमच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. मला वाटलं त्या काहीतरी मानसशास्त्रातलं बोलतील. त्यांनी विचारलं, झोपते किती वाजता, उठते किती वाजता, आणि रक्त शेवटचं कधी तपासलं?

झोपेचं गणित तिथल्या तिथं मांडलं तर मलाच लाज वाटली असती इतकं सोपं होतं. शाळा सकाळची. रिक्षा साडेसहाला. म्हणजे उठणं पावणेसहाला. आणि झोप येते अकराला. आम्ही समजत होतो की लवकर झोपत नाही हा हट्ट आहे, मोबाईलची सवय आहे. काही अंशी आहेही. पण वयात येताना शरीराचं घड्याळच पुढं सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन लहानपणी जेव्हा पाझरायला लागायचं त्यापेक्षा तास-दोन तास उशिरा पाझरू लागतं. तेरा ते अठराच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, त्याहून लहानांना नऊच्या वर. आमचे भरत होते पावणेसात. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नका असं सांगितलं, पण ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. ज्या वयात झोप खरोखरच उशिरा येऊ लागते त्या सातवी-आठवीच्या पोरांनी मात्र पहाटे अंधारात दप्तर पाठीला लावायचं. दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांच्या अडचणी मला समजतात, इमारत एकच असते. पण मग सकाळी सहा वाजता जी मुलगी ‘गुड मॉर्निंग’ला गुरगुरते तिला उर्मट म्हणण्याआधी थोडं थांबायला हवं.

आणि रक्त. हिमोग्लोबिन साडेदहा निघालं. बारा वर्षांवरच्या मुलीचं ते बाराच्या खाली गेलं की त्याला पंडुरोग म्हणतात. आमचं खातंपितं घर, रोज पालेभाजी, तरीही! डॉक्टरीणबाईंना काहीच नवल वाटलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुली ॲनिमिक निघाल्या होत्या. सरकारी शाळांतून आठवड्याला जी निळी गोळी देतात ती याचसाठी. लोह कमी असलं की थकवा येतो, चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून सोफ्यावर आडवं होणं, हाक मारली तर अंगावर येणं, ‘माझा मूड नाही’ म्हणून नाचाचा क्लास बुडवणं, या सगळ्याला आम्ही स्वभाव म्हणत होतो. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, तिच्या आसपास चहा-दूध नाही, एवढंच पथ्य. सासूबाईंनी तेवढ्यावर न थांबता लोखंडी कढई माळ्यावरून काढली. काही महिन्यांनी सोफ्यावरचं लोळणं कमी झालं. तोंड फुगवणं कमी झालं नाही, पण आता ते निदान बसून होतं.

डॉक्टरीणबाईंनी निघताना आणखी एक सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. रुसणारं पोर पुन्हा हसतं. ज्याचं हसणंच दोन-तीन आठवडे दिसत नाही, जे मैत्रिणींनाही टाळतं, आवडीच्या गोष्टी सोडून देतं, खाणं-झोपणं पार बिघडतं, किंवा स्वतःला इजा करण्याचं नुसतं बोलतं, त्याला वय म्हणून सोडून द्यायचं नाही. तेव्हा सरळ डॉक्टर गाठायचे. कुणाशी बोलावं हेच सुचत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फुकट क्रमांक आहे, २०२२ पासून चालू आहे, मराठीतही बोलतात. आमच्यावर ती वेळ आली नाही. क्रमांक फ्रिजवर लावलेला आहे. ती रोज पाणी पिताना तो बघते, हे मला पुरेसं आहे.

पाळी गेल्या वर्षी सुरू झाली. त्यानंतर काही दिवसांनी एका भांडणात नवरा मला हळूच म्हणाला, ‘तारीख जवळ आली असेल.’ आमच्या घरात हळूच असं काही बोलता येत नाही, तिनं ऐकलं. बापाशी बोलणं बंद झालं ते पार त्यानं तिच्यासाठी रविवारी पॅटिस आणेपर्यंत. हे वाक्य आता घरात बंद आहे. एक तर पहिली दोनेक वर्षं पाळीचं वेळापत्रक धड नसतंच, बीजांडकोशाला लय सापडायला वेळ लागतो, त्यामुळं तारखेचा हा शहाणपणा शास्त्राच्याही दृष्टीनं कच्चा. आणि दुसरं, ती त्या दिवशी भांडत होती ते तिची भूगोलाची वही विचारल्याशिवाय रद्दीत गेली म्हणून. वही खरंच गेली होती. चिडायला कारण असताना ‘हार्मोन्स’ म्हणून ते कारणच पुसून टाकणं, ही बाईमाणसाला गप्प करायची जुनी युक्ती आहे, फक्त आता तिला इंग्रजी नाव मिळालंय.

हार्मोन्सचंच काढायचं तर घरात त्यांचे धनी दोन आहेत. आपल्याकडच्या बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमाराला थांबते, आणि त्याआधीची काही वर्षं बेभरवशाची असतात. मी त्या वर्षांत आहे. म्हणजे एकीची नुकतीच सुरू होतेय, एकीची जाता जाता उंबऱ्यात घुटमळतेय, आणि दोघींच्या मधे पंख्याचा रेग्युलेटर. मला रात्री दोनला घाम फुटतो म्हणून मी पाचवर करते, तिला थंडी वाजते म्हणून ती दोनवर आणते, आणि सकाळी दोघी एकमेकींकडं बघत नाही. गंमत अशी की माझ्या चिडण्याला घरात कारण असतं. ‘ऑफिस, लोकल, दमते बिचारी.’ तिच्या चिडण्याला मात्र वळण नसतं. दोन्हीकडं रसायनं साधारण तीच उलथापालथ करत असताना एकीला सहानुभूती आणि दुसरीला प्रवचन, हा अन्याय तिच्या लक्षात आलेला आहे. ‘तू चिडलीस की बाबा चहा करतो, मी चिडले की तुम्ही लेक्चर देता,’ असं ती मला म्हणाली. माझ्याकडं उत्तर नव्हतं. हल्ली बाबा दोन कप करतो, तिच्या कपात दूध जास्त आणि गोळीच्या वेळेपासून लांब.

सासूबाईंचं पालुपद ठरलेलं आहे, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’ आधी मी ते ऐकून सोडून द्यायचे. मग विचार करत गेले तसं वाटू लागलं की त्या खरंच सांगताहेत. माझ्या पणजीचं लग्न बाराव्या वर्षी झालं, शारदा कायदा व्हायच्या आधी. तो कायदा १९२९चा, त्यानं मुलीचं वय चौदा केलं. रमाबाई रानडे १८७३ मध्ये न्यायमूर्तींच्या घरात आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या, आणि लिहायला-वाचायला शिकतात म्हणून घरातल्याच बायकांचे टोमणे खात होत्या. आपल्या मुली ज्या वयात भेंडीवरून रुसतात त्या वयात त्या मुली दुसऱ्याच्या घरी कुणाच्या कपाळावर आठी पडेल याचा अंदाज घेत वावरत होत्या. पाळी आली की मखरात बसवायचे, गोडधोड व्हायचं, ओटी भरायची, आणि सगळ्या आळीला कळायचं की पोर आता नवऱ्याच्या खोलीत पाठवायला तयार झाली. त्या कौतुकात पोरीला काय वाटतंय हा प्रश्न कुठल्या पानावर वाढला जात नव्हता.

वाड्यात जागा होती, असं सासूबाई सांगतात. वाईला त्यांचं माहेर. माडी होती, माजघर होतं, परसात विहीर होती, अडगळीची खोली होती. पण रुसून कुठं जायचीस, असं विचारलं तर त्या हसल्या. ‘कुठं जाणार? प्रत्येक खोलीत कुणीतरी काम सांगायला बसलेलं.’ मग महिन्यातले तीन दिवस? कावळा शिवला की बाजूला बसायचं, वेगळं पांघरूण, वेगळं ताट. त्याला हल्ली काही जण हौसेनं ‘पूर्वीच्या बायकांची हक्काची विश्रांती’ म्हणतात. मी हे त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘लिहिणाऱ्याला एकदा बसव म्हणावं. घरी आलेल्या पोस्टमनलासुद्धा कळायचं.’

रुसण्यासाठी स्वतंत्र वास्तू असलेली मला ठाऊक असलेली एकच बाई म्हणजे कैकेयी. तिनं त्या कोपभवनाचा काय उपयोग केला ते सर्वश्रुत आहे. बहुधा त्याचाच धसका घेऊन पुढच्या सगळ्या वास्तुविशारदांनी ती खोली नकाशातून काढून टाकली असावी. देवघर ठेवलं, कोठीघर ठेवलं, हल्लीच्या टॉवरांत नोकराचीही खोली असते. मुलीला तोंड लपवायला मात्र आजही बाथरूम. आमच्याकडं सकाळी पावणेसहाला रडायला बाथरूममध्ये शिरलेल्या मुलीला बाहेरून बापाची हाक येते, ‘अगं, मला सातची गाडी आहे!’ कुठलं दुःख यात टिकेल?

तिनं आपल्या परीनं मार्ग काढला होता. कानावर मोठे हेडफोन चढवायचे, ते चढवले की दार लागलं. कित्येकदा त्यात गाणंही नसायचं, हे मला वायर लोंबकळताना बघून कळलं. मी तसं दाखवलं नाही. एका खोलीत चार माणसांत राहून एकटं होण्याची ती चांगली युक्ती आहे, आणि लोकलमध्ये मीही ती वापरते.

बोलणं बंद झालंय असंही नाही, ते दुसरीकडं सरकलंय. समोर बसवून ‘बोल’ म्हटलं की मुलगी शिंपल्यासारखी मिटते. पण भाजी आणायला बरोबर चालत निघालो की पिशवीचा एक बंद तिच्या हातात, एक माझ्या, दोघींची तोंडं रस्त्याकडं, आणि मग वर्गातल्या कुठल्या मुलीनं काय म्हटलं ते हळूहळू बाहेर येतं. रात्री दिवे मालवल्यावर येतं. ‘आई, झोपलीस?’ अशी सुरुवात असते. तेव्हा ‘मग तू काय म्हणालीस?’ एवढं विचारायची मुभा आहे. ‘तू असं का नाही केलंस?’ म्हटलं की कूस बदलली जाते. उपाय मागितला जात नसतो. मागितला जातो तेव्हा तो साधारण पुढच्या सकाळी सहा वाजता, एक मोजा सापडत नसताना मागितला जातो.

तर गॅलरी. ती केव्हाच आत घेतलेली आहे, ग्रिल लावलेलं, स्लायडिंग खिडकी. तिथं वॉशिंग मशीन, कांदे-बटाट्यांची टोपली, सासूबाईंची तुळस, छताला कपडे वाळत घालायची दोरी ओढून वर घ्यायची सोय, आणि ‘कधीतरी लागेल’ या सदरातलं सगळं सामान. मे महिन्याच्या सुट्टीत ती रिकामी केली. सामान रद्दीवाल्याला देताना नवऱ्याचा जीव कासावीस झाला, विशेषतः एका बंद पडलेल्या मिक्सरसाठी. मशीन बाथरूममध्ये गेलं, दोरी काढली. सुतारानं भिंतीला घडीची फळी ठोकून दिली, तिच्यावर वह्या मावतात. खाली जुनी गादी कापून बसायला. काचेच्या दाराला आतून पडदा, त्याचा रंग तिनं निवडला, काळा. सासूबाई म्हणाल्या घरात काळा पडदा नको. बरीच चर्चा होऊन गडद निळ्यावर तह झाला. पडदा ओढलेला असेल तर काचेवर टकटक करायची, उत्तर आलं नाही तर परत जायचं, हा नियम तिनं कागदावर लिहून चिकटवला. वाणसामान आणायला नाही, जेवायला बोलवायला टकटक चालेल.

लेडीज डब्यात सांगितलं तर गवारवाली म्हणाली, ‘लाडावून ठेवा.’ मैत्रीण-हो-वाली म्हणाली, ‘आत काय करते ते कळतं का तुला?’ फोन आत न्यायचा नाही हा नियम आहे, एवढं मी सांगितलं. बाकी आत काय करते ते मला कळत नाही, त्यासाठीच तर सुताराला पैसे दिले. भिंतीचं प्लॅस्टर नखानं उकरते हे मात्र दिसतं.

तिचं तिथलं बसणं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात फार होतं, मग कमी झालं. कधी अर्धा तास, कधी पाच मिनिटांत बाहेर येऊन ‘खायला काय आहे?’ रुसणं चालूच आहे, पण आता ते सगळ्यांच्या समोर, सगळ्यांच्या सल्ल्यांसकट करावं लागत नाही म्हणून लवकर आटोपतं असा माझा अंदाज.

परवा मी घरी आले तर ती सोफ्यावर बसून गणितं करत होती आणि निळा पडदा ओढलेला. आत सासूबाई होत्या. दुपारी त्यांच्या भावाचा फोन आला होता, वाईच्या जागेच्या वाटणीवरून काहीतरी लागेल असं बोलला. मी टकटक करायला हात उचलला तर लेकीनं पेन्सिल वर करून थांबवलं. ‘आजी म्हणाली, जेवायला बोलवा. मधे नको.’

आता आजीला रोज दुपारी तीन ते चार हवी आहे. लेक म्हणते, आठवड्यातून तीनच दिवस. वाटाघाटी चालू आहेत. पावसाळा तोंडावर आलाय, दोरी काढलेली आहे आणि चार माणसांचे ओले कपडे वाळत घालायचे कुठे, याचं उत्तर अजून कुणाकडंच नाही. नवरा म्हणतो, बेडरूममध्ये. बघू.